चढणाऱ्याला वाट

नव्या गाडीच्या काट्यांमध्ये एक छोटा हिरवा बाण आहे. वरचा गिअर टाकायची वेळ झाली की तो वर तोंड करून लुकलुकतो, खालचा टाकायची झाली की खाली. शेजारी एका लिटरला किती किलोमीटर पडले तो आकडा बदलत राहतो. बाणाचं ऐकलं की डिझेल वाचतं, असं गाडी ताब्यात देणाऱ्याने सांगितलं होतं. कोल्हार ते संगमनेर हे खरंही आहे. रस्ता सपाट, दोन्हीकडे ऊस, बाण आणि चालक यांच्यात मतभेदाला जागा नाही. अकोले मागे पडून डोंगर जवळ आले की मात्र बाण चुकू लागतो. समोरचा चढ चालकाला दिसतो, बाणाला दिसत नाही. चाकं किती फिरली एवढंच त्याला कळतं, आणि तेही फिरून झाल्यावर.

जानेवारीत या रस्त्याने एकदा जाणं होतं. दर वर्षी काम असतंच असं नाही. भाताची सोंगणी केव्हाच उरकलेली असते. खाचरं कोरडी, घरांशेजारी पेंढ्याच्या गंजी, आणि ओढ्याचं पाणी जिथवर पोचतं तिथवर गव्हाचे हिरवे पट्टे. सकाळी नऊपर्यंत दरीत धुकं. दूध गोळा करणारे या दिवसांना पुष्टकाळ म्हणतात. जनावरं व्यालेली, वैरण भरपूर, थंडीमुळे दूध टिकणारं. उन्हाळ्यात ज्या वाडीतून दोन कॅन निघत तिथून या दिवसांत पाच निघत. दूध वाहणाऱ्या गाडीला वर्षातला सगळ्यांत जड हंगाम हाच.

अशा एका पुष्टकाळात मी अकोल्यात एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो.

तिथल्या एका दूध संस्थेचं शीतकरण केंद्र गावाबाहेर होतं. पहाटे संस्थेच्या सहा पिकअप गाड्या रिकामे कॅन घेऊन डोंगराकडे निघत. त्यांतल्या चार गाड्या खिंडीपलीकडच्या वाड्यांवर जात. सगळ्यांत लांबची फेरी लहानूकडे होती, म्हणून त्याची गाडी सगळ्यांच्या बरीच आधी सुटे; ती भरून परतताना बाकीच्या रिकाम्या खिंड उतरत असत. चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस. कडाक्याच्या थंडीतही त्याचे कान उघडे असत; मफलर गळ्यात, कानावर कधीच नाही. केंद्रावर त्याच्याबद्दल थट्टा चाले की लहानूची गाडी डिझेल पीत नाही, नुसता वास घेते. दर गुरुवारी चांगल्या बातम्यांचं एक सदर भरावं लागे. त्यासाठी हा विषय बरा होता.

पहिल्या दिवशी त्याच्या शेजारी बसल्यावर मी काच वर केली. त्याने आडवा हात घालून ती पुन्हा खाली केली.

"थंडी वाजतेय," मी म्हटलं.

"वाजू द्या. काच लावल्यावर ती काय बोलती ते ऐकू येत न्हाई."

ती म्हणजे गाडी.

खिंडीकडे जाताना गाडी रिकामी असे. खरी परीक्षा परतताना. पलीकडच्या ओढ्याच्या मोरीपासून खिंडीपर्यंत चार किलोमीटरचा चढ, मागे भरलेले कॅन, आणि मध्ये एक मोठं वळण, जिथं एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी. दोन गाड्या तिथं शेजारून जात नसत. एकीने थांबायचं. कोणी थांबायचं हे ठरलेलं होतं: उतरणाऱ्याने. चढणाऱ्याला वाट द्यायची. हा नियम रस्त्यावर कुठं पाटीवर लिहिलेला नव्हता, पण खिंडीत तो न पाळणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. उतरणारी गाडी वळणाच्या वरच्या अंगाला कातळाला चाक लावून उभी राही, चढणारी तिच्याजवळून निघून जाताना चालक दोन बोटं उचले, आणि व्यवहार पूर्ण होई.

लहानूच्या खुणा ठरलेल्या होत्या. मोरीवर येईपर्यंत चौथा गिअर आणि अंगात वेग. मोरीच्या कठड्याशी, चढ सुरू व्हायच्या आधीच, तिसरा. पुढे रस्त्याला टेकलेलं एक हिरड्याचं झाड होतं, तिथं दुसरा. वळण घेऊन वर आलं की शेंदूर फासलेला म्हसोबाचा दगड, तिथून परत तिसरा, तो थेट खिंडीपर्यंत. पाय पेडलवर असा टेकलेला की हलतो की नाही ते कळू नये.

हिरड्याच्या झाडाशी त्याने गिअर उतरवला तेव्हा इंजिन अजिबात थकलेलं वाटत नव्हतं. मी तसं म्हणालो. वरच्या गिअरात गाडी कमी पिते असं सगळेच सांगतात.

"सपाटीला कमी पिती," तो म्हणाला. "चढाला वरच्या गिअरात ती कन्हती. कन्हली की मानूस काय करतो, पाय दाबतो. मंग पिती ती. पत्रकार, तुमच्याकडं बैल हुता का कधी?"

"नाही."

"बैल बसल्यावर उठवाया लई जोर लागतो. बसायच्या आधीच थोपटला तर चार पावलं आजून जातो. तसं हाय हे. तिनं म्हनायच्या आधी आपन गिअर द्यायचा."

"मग पहिल्यातच घ्यावी."

"पहिल्यात नुस्ती बोंबलती. आवाज लई, चाल न्हाई." त्याने मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं. "पेपरावानी."

हे वाक्य माझ्या वहीत जसंच्या तसं आहे. त्या हंगामातलं जे काही वहीत आहे ते बिनचूक आहे.

मोरीच्या खालच्या अंगाला ओढ्यालगत लहानूची जमीन होती. तो राहायचा अकोल्यात. शेत त्याची थोरली बहीण पाहायची. नवऱ्याच्या मागे ती माहेरी येऊन राहिली होती. वाडीत सगळे तिला आक्का म्हणत, मीही म्हणू लागलो. अर्धा एकर गहू. ओढ्याच्या काठी लाकडी फळकुटांवर बसवलेलं जुनं डिझेल इंजिन, त्यातून वर शेतात जाणारा काळा पाइप. विजेचे खांब वाडीपर्यंत आले होते, ओढ्यापर्यंत आले नव्हते.

रोज सकाळी भरलेली गाडी मोरीच्या थोडी अलीकडे थांबे, पुढे वेग घ्यायला सपाटी सोडून. लहानू सीटखालून एक बांबूची काडी काढे. तिच्यावर खाचा पाडलेल्या होत्या. काडी टाकीत सोडून तो वर काढे, ओल्या खाचा पाही, आणि नळी लावून आदल्या दिवसाचं उरलेलं डिझेल एका पाच लिटरच्या कॅनमध्ये उतरवे. खिंड चढायला लागेल तेवढं टाकीत राखून. आक्का तो कॅन घेऊन ओढ्याकडे जाई. थोड्या वेळाने इंजिनाचा ठोका दरीत सुरू होई आणि आम्ही चढाला लागत असू.

आक्काने त्या पहिल्या दिवशी काट्याकुट्यांच्या जाळावर गव्हाच्या ओंब्या भाजून दिल्या. हातावर चोळायच्या, फुंकर मारायची, आणि हिरवट गरम दाणे तोंडात टाकायचे. दाणा दाबला की पांढरा चीक यायचा.

"आत्ता चिकात हाय," ती म्हणाली. "आजून दोन पान्यावर दाना भरंल."

"पाणी पुरेल ना?"

"ओढ्याला पानी हाय. वर चढवनं हाय ते." तिने भावाकडे हनुवटी उडवली. "ह्याच्या पायानं भिजतं माझं रान. ह्यानं त्या घाटात पाय दाबला की हितं माझी सरी कोरडी."

"ऐका," लहानू म्हणाला. "मला मालकीन भेटलीया."

"व्हय तर. पगार न्हाई देनार."

डिझेलचं हे असं का होतं, ते त्याने खिंडीच्या माथ्यावर चहा पिताना सांगितलं. फेरीचं डिझेल ठरलेलं होतं. फार वर्षांपूर्वी कोणी जुन्या चालकाने रस्ता मोजून ते बांधून दिलं होतं: लहानूच्या फेरीला दहा लिटर. केंद्रातून चिठ्ठी मिळे, पंपावर तेवढं भरलं जाई. कमी पडलं तर ते चालकाने पाहायचं. उरलं तर ते चालकाचं. व्यवस्थापकाला हे माहीत होतं, त्याच्या आधीच्यालाही माहीत होतं. कोणी कोणाला विचारत नसे. कुणाचं अर्धा लिटर उरे, कुणाचं तेही नाही. पाव्हण्याच्या मोटारसायकलला जसं कोणी घरचं पेट्रोल देतं, तितक्याच सहजपणे ते डिझेल कुणाच्या इंजिनाला, कुणाच्या मळणीयंत्राला जाई. हा रिवाज कुठं लिहिलेला नव्हता. लिहिलेला नव्हता म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला होता, हे मला नंतर कळलं.

"तुमचं किती उरतं?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "पावनेआठात फेरी हुती माझी. पन मापाचं तेवढं लिहू नका, पत्रकार. गिअरचं लिहा, कसा टाकायचा, कवा टाकायचा. चार लोकांच्या उपयोगी पडंल. माप नगं."

"बरं," मी म्हणालो.

हा शब्दही वहीत आहे.

लेख लिहिताना मी आकडा टाळला. मोरी, हिरडा, म्हसोबा, बैलाची उपमा, उघडे कान, सगळं होतं. संध्याकाळी नगरच्या कार्यालयातून उपसंपादकाचा फोन आला. तो माझ्यापेक्षा वयाने लहान आणि कामात माझ्यापेक्षा बरा होता.

"छान आहे. पण वाचतं किती?"

"बरंच."

"बरंच म्हणजे किती? आकडा नाही तर बातमी कुठाय? हे नुसतं वर्णन झालं."

त्याचं बरोबर होतं. मी स्वतः नव्या मुलांना हेच शिकवलं होतं. आकडा नसलेली स्तुती म्हणजे जाहिरात. मी त्याला तोंडी सांगितलं: दहाच्या ठिकाणी पावणेआठ. त्याने तो आकडा मथळ्यात घेतला. फोन ठेवल्यावर मला असं वाटल्याचं आठवतं की आपण शब्द मोडलेला नाही, कारण आपण लिहिलेलं नाही. असं वाटायला फार तर अर्धं मिनिट लागलं आणि ते पुढे बरेच दिवस पुरलं.

गुरुवारी लेख छापून आला. लहानूचा फोटो होता, गाडीच्या दाराला टेकलेला, कान उघडे. दहा वाजता केंद्राच्या व्यवस्थापकाचा फोन आला. "फार चांगलं लिहिलंत. आमच्या डोळ्यांत अंजन घातलंत." शनिवारी दुपारी केंद्रावर छोटा सत्कार ठेवलाय, आपणही या, असं आमंत्रण त्याने दिलं.

शीतकरणाच्या यंत्रांचा घरघराट, ओल्या फरशीला आंबट दुधाचा वास, आणि त्यात प्लास्टिकच्या वीसेक खुर्च्या. लहानूला शाल आणि नारळ दिला. तो शाल सावरत उभा राहिला. ती त्याच्या कानांवर आली तेव्हा त्याने ती खाली ओढली. व्यवस्थापक चांगलं बोलला. बचत कशी करावी हे बाहेरून कोणी येऊन सांगायची गरज नाही, आपल्यातल्याच एकाने ते करून दाखवलंय, असं तो म्हणाला. मग त्याने खिशातून एक कागद काढला. सोमवारपासून सगळ्या फेऱ्यांची मापं लहानूभाऊंच्या हिशेबाने होतील. लहानूभाऊंच्या फेरीला आठ. बाकीच्यांना त्याच प्रमाणात.

टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जास्त वेळ सोपानने वाजवल्या. लहानूच्या मागून सुटणारी गाडी सोपानची होती. अंगाने थोराड, मोठ्या आवाजाचा माणूस, केंद्रावरच्या बहुतेक थट्टा त्याच्याच. बाकीचे थांबले तरी तो वाजवत राहिला.

"या गुरुजी," चहाच्या वेळी तो लहानूला म्हणाला. "आता तुमच्या मापानं आमी चढायचं."

"मी काय सांगितलं न्हाई, सोपान."

"न्हाई कसं. पेपरात हाय की. फोटोसकट हाय." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "पत्रकार, उद्या डिझेल कमी पडलं तर काय भरू? पेपर भरू का?"

दोघं-तिघं हसले. लहानू हसला नाही. तो माझ्याकडे पाहत होता आणि मी खाली, नारळाच्या शेंडीकडे. व्यवस्थापकाने मला दाराशी गाठून हात मिळवला. त्याने मला फसवलं असं म्हणता येत नाही. त्याने वृत्तपत्र वाचलं आणि त्यावर कृती केली, आणि वृत्तपत्रं त्यासाठीच असतात असं आम्ही दर वर्षी वर्धापनदिनाच्या अंकात छापत होतो. तरीही घरी जाताना फसवलं गेल्याची भावना माझ्याच मनात होती, हे नोंदवायला हवं. ती कशावर आधारलेली होती ते सांगता येत नाही.

गाडीत बसल्यावर आपण काय ऐकतो, हा प्रश्न मला तेव्हापासून सुटलेला नाही. नव्या गाडीत काचा बंद असतात, हवा यंत्राची असते, इंजिन कुठं तरी दूर दुसऱ्याच्या घरात चालू असल्यासारखं वाटतं. कण्हणं ऐकू येत नाही. ते पायाला कळतं, थरथरीतून, उशिरा. तोवर पाय दाबला गेलेला असतो आणि काट्याशेजारचा आकडा घसरलेला असतो. बाण मग खाली तोंड करतो. त्याचं म्हणणं दर वेळी बरोबर असतं आणि दर वेळी झाल्यानंतरचं असतं. आमच्या धंद्यातही हीच पद्धत होती.

दहा-बारा दिवसांनी मी पुन्हा लहानूच्या गाडीत बसलो. त्याने मला ये म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नाही. जाताना काच खालीच होती. वाड्यांवर कॅन चढले. मोरीजवळ गाडी थांबली नाही. आक्का बांधावर उभी होती, तिने हात केला, त्याने हॉर्न वाजवला. चौथा होता, कठड्याशी तिसरा झाला.

हिरड्याच्या झाडाशी त्याने दुसरा टाकला आणि गाडी वळणाला लागली तोच वरून सोपानची पिकअप आली. रस्त्याच्या मधोमध. रिकामे कॅन एकमेकांवर आपटल्याचा आवाज आधी आला, मग गाडी दिसली. ती कातळाकडे सरली नाही. लहानूने ब्रेक दाबला. भरलेली गाडी चढावर, वळणाच्या ऐन पोटात उभी राहिली आणि क्षणभर मागे सरकली. सोपान आमच्याजवळून बोटभर अंतराने उतरत गेला. त्याच्या गाडीला इंजिनाचा आवाज नव्हता.

जाता जाता तो खिडकीतून म्हणाला, "न्यूट्रलला हाय रे. थांबता येत न्हाई. डिझेल वाचवतोय, गुरुजी."

लहानूने पहिला टाकला, क्लच अर्धा सोडला, रेस वाढवली. जळक्या क्लचचा वास आला. गाडी हिसका देऊन हलली आणि पहिल्यात बोंबलत वर चढली. म्हसोबाच्या दगडापर्यंत दुसराही पडला नाही.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. सोपान झाला का मागनं बाकीचे दोघं. येकजन वाट सोडतो कवा कवा."

त्यातलं किती जाणूनबुजून होतं आणि किती खरोखर न्यूट्रलमुळे, हे मला ठरवता आलेलं नाही. नवं माप कमी पडत होतं, म्हणून सगळेच उतारावर गिअर काढून गाडी सोडत होते. तशी सोडलेली गाडी ब्रेकवर ब्रेक लावून थांबवायला कोणालाच नको असतं. चालकांना लहानूचा राग होता हेही खरं होतं. दोन्ही गोष्टी एकाच गाडीत बसून खाली येत होत्या. लहानूचं सगळं कसब एकाच गोष्टीवर उभं होतं: चढाला लागलेली गाडी थांबायची नाही. ती एकदा थांबली की मोरीवरचा वेग, हिरड्याची खूण, बैल बसायच्या आधीचं थोपटणं, सगळं वाया. फेरीला नऊ लिटरच्या वर जात होतं आता. आठाच्या वरचं तो स्वतः आणून टाकत होता. ओढ्याच्या इंजिनासाठीही त्याने दोनदा स्वतःच्या खिशातून आणलं, तिसऱ्यांदा जमलं नाही.

खिंडीच्या माथ्यावर त्याने गाडी बाजूला घेतली. चहाचं दुकान उघडं होतं, तो उतरला नाही. इंजिन बंद केलं. खिडकीतून मागे वळून त्याने खालची दरी पाहिली. धुकं निवळत होतं. ओढ्याकडून कसलाही ठोका येत नव्हता.

"तुमी बरं म्हन्ला हुता," तो म्हणाला.

आवाज चढवलेला नव्हता. एखादी खूण सांगावी तसं सांगितलं. उपसंपादक, मथळा, तोंडी सांगणं आणि लिहिणं यांतला फरक, हे सगळं माझ्याजवळ तयार होतं.

त्याने गाडी चालू केली आणि काच वर केली.

खिंडीतल्या प्रकाराची बातमी होऊ शकली नाही. मी प्रयत्न केला. कोणी जखमी नव्हतं, काही उलटलं नव्हतं, दूध सांडलं नव्हतं. एक गाडी दुसऱ्या गाडीला वाट देत नाही, याला किती ओळी द्यायच्या? मूळ लेखात दुरुस्ती छापावी असंही काही नव्हतं. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. आकडा अचूक होता. इतका अचूक मजकूर मी त्या तालुक्यातून फार कमी वेळा पाठवला असेन.

फेब्रुवारीच्या मध्याला मी एस.टी.ने पलीकडच्या वाडीत गेलो, वेगळ्या कामासाठी. मोरीजवळ उतरलो. गहू उभा होता, पण पिवळा लवकर पडला होता, वरच्या अंगाला जास्त. ओढ्याला पाणी होतं, वाहत होतं, शेतापासून फार तर वीस पावलं खाली. आक्काने एक ओंबी तोडून हातावर चोळली, फुंकर मारली आणि तळहात पुढे केला. दाणे बारीक, सुरकुतलेले, बडीशेपेसारखे.

"शेवटचं पानी चुकलं," ती म्हणाली.

"लहानूभाऊ?"

"त्यानं सोडली गाडी. परवा चावी दिली त्यांची त्यांला." ती उरलेले दाणे पुन्हा शेतात टाकत होती, पक्ष्यांना टाकावेत तसे. "मला म्हन्ला, आक्का, पाय राह्यला न्हाई आता हलका. मी म्हनलं, पायाला काय झालं तुझ्या. तर उठून भायेर गेला. तुमाला काय म्हाईत हाय का, भाऊ? तुमी लिव्हलं हुतं ना त्याच्यावर, लई चांगलं. वाडीत वाचून दाखवलं हुतं मास्तरनी."

तिला माहीत नव्हतं. लहानूने तिला सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, मला काही माहीत नाही. उपसंपादकाला तोंडी सांगितलेल्या आकड्यानंतर त्या हंगामातलं हे दुसरं वाक्य, जे मी लिहून ठेवलेलं नाही आणि तरी शब्दशः आठवतं.

पुढे माझी बदली झाली. गावोगाव दूध गार करायच्या टाक्या आल्या, थेट टँकर येऊ लागला आणि पिकअपच्या फेऱ्या बंद पडल्या. चिठ्ठ्या गेल्या, मापं गेली. व्यवस्थापक निवृत्त झाला. सोपानने अकोल्यात टायरचं दुकान टाकल्याचं ऐकलं. वाडीतल्या ओढ्यापर्यंत आता वीज आली आहे आणि जुन्या इंजिनाच्या फळकुटांवर मोटर बसवलेली आहे. कोणाचं काही अडून राहिलेलं नाही. एखादी गोष्ट मिटली असं म्हणण्यासाठी जे जे लागतं ते सगळं झालं आहे.

यंदाही जानेवारीत गेलो. खिंडीचा रस्ता रुंद केला आहे. काम करताना हिरड्याचं झाड गेलं. मोठं वळण तेवढं राहिलं आहे, कातळ फोडणं जमलं नसावं. परतताना मोरीवर चौथा होता, कठड्याशी तिसरा टाकला. बाण वर तोंड करून लुकलुकत होता, चौथा टाक म्हणून. मी हिरड्याची वाट पाहत राहिलो आणि झाड नसल्यामुळे ती जागा मागे गेली. वळण समोर आलं तेव्हा गाडी अजून तिसऱ्यात होती आणि पेडलमधून थरथर पायात येत होती.

वळणाच्या वरच्या अंगाला टोमॅटोच्या क्रेटने भरलेला एक छोटा टेम्पो उभा होता. कातळाला चाक लावून, इंजिन चालू ठेवून. रुंद रस्त्याची सवय झाल्यावर इतक्या लांबून थांबून राहणारं आता कोणी दिसत नाही. जवळ आल्यावर चालक दिसला. केस पांढरे झाले आहेत. मफलर गळ्यात होता.

त्याने मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. तो माझ्याकडे पाहतच नव्हता; त्याची नजर माझ्या पुढच्या चाकांवर होती आणि मान किंचित तिरकी, कान पुढे. गाडी कण्हत होती ते काचेआडच्या माझ्याआधी त्याला ऐकू आलं असणार. मी दुसरा टाकला. इंजिन मोकळं झालं. शेजारून जाताना मी दोन बोटं उचलली, रिवाजाप्रमाणे.

त्याने उचलली नाहीत. ती उचलायची असतात चढणाऱ्याने. थांबलेल्याने फक्त वाट द्यायची असते, आणि ती त्याने दिली होती. कोण चढतोय हे पाहून ती द्यायची नसते.

म्हसोबाच्या दगडाशी आरशात पाहिलं. टेम्पो अजून तिथंच उभा होता, काच खाली. मी तिसरा टाकला, आणि तो पडल्याचा आवाज ऐकल्यावर मगच टेम्पो हलला.